एकोणीस दिवसांचं उट्टं

२ मे, लाखांदूर

उन्हाळी सुट्टी लागली. काल झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली, आणि स्टाफरूममध्ये चहा ओठाला लावतो न लावतो तोच जीवन सरांनी पुन्हा ते वाक्य काढलं. सगळे फिदीफिदी हसले. मी पण हसलो. हसू धरून धरून घरी येईपर्यंत जबडा दुखायला लागला.

ते वाक्य इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. "मास्तरच्या घरी जाचं असन त घरून जेवून जा लागते." फेब्रुवारीत वरठीच्या लग्नात, हळदीच्या बायकांमध्ये बसून हे बोलली कोण, तर माझी सख्खी मोठी बहीण, गिरजाबाई; मी तिला नुसतं बाई म्हणतो. तिथून ते मांडवात आलं, मांडवातून लाखांदूरला आलं, आणि आता शाळेत खिचडी शिजवणारी बाईसुद्धा मला बघून पदर तोंडाला लावते.

आणि ही बाई दरवर्षी मे महिन्यात माझ्याच घरी येऊन पडते. गोसीखुर्दच्या धरणात तिचं सासरचं गाव गेलं, आता पवनीकडे पुनर्वसनात राहते. नवरा सोमाजी भाऊजी आणि पोरगी रुचिका, असा सगळा लवाजमा. मागच्या वर्षी एकोणीस दिवस होते. भाऊजींना क्रिकेट पाहिजे, मायलेकींना मालिका पाहिजेत. माझ्याच घरात मी रिमोट मागून घेत होतो. तरी मी चकार शब्द काढला नाही. किराणा मी स्वतः जाऊन आणतो, बायकोच्या हाती दिला की उधळपट्टी होते. आंबे मी निवडून आणले. भाऊजींच्या ताटात तिसरी वाटी रस मी हाताला धरून ओतायला लावला. आग्रहात माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या गोतात कोणी नाही. आणि त्याचं हे फळ!

ठरलं. या वर्षी ते येणार नाहीत, मीच जाणार. न सांगता. पूर्ण एकोणीस दिवस. खाणार, पिणार, तिच्या टीव्हीसमोर तंगड्या पसरून बसणार. आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून एकच वाक्य बोलणार: फिटलं, यापुढे येणं-जाणं बंद. आई-बाबूजी गेल्यापासून तिला माहेर म्हणून माझाच एक उंबरा आहे. तो बंद झाला की कळेल जेवण कुठे मिळत होतं ते.

४ मे

साधनाला प्लॅन सांगितला. बायको म्हणून तिने नवऱ्याची बाजू घ्यायला पाहिजे की नाही? तर म्हणे बाईंना उगाच त्रास कायले देता. तिला सोबत चल म्हटलं, नाही म्हणाली, एकोणीस दिवस एकटी राहीन, जरा झोपीन. पोरगा प्रफुल्ल क्लाससाठी नागपूरला आहे, म्हणजे घरात तिला कामच नाही. तरी झोपेची हौस बघा.

आणि रिकाम्या हाताने बहिणीच्या घरी जाऊ नका म्हणून एक साडी पिशवीत कोंबली. नारिंगी, जरीच्या काठाची, नवीकोरी. सूड घ्यायला निघालेल्या माणसाने साडी न्यायची! पण वाद घालत बसलो असतो तर एसटी गेली असती.

शाळेचं काम पण बरोबर घ्यावं लागणार. सदतीस पोरांच्या आधार कार्डावरची नावं दाखल्याशी जुळत नाहीत, सुट्टीत जुळवून द्या असा वरून आदेश आहे. सगळे कागद निळ्या फायलीत घातले.

जीवन सरांना फोनवर सांगितलं की बहिणीकडे चाललो, तर ते म्हणाले, शाबास, घेऊनच ये सही. त्यांना वाटलं हक्कसोडीसाठी चाललो. बाबूजी गेल्यावर गावच्या तीन एकर धानाच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघा बहीण-भावांची नावं लागली आहेत. बहिणीने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची, भावाने तिला साडी-चोळी करायची, ही आपल्याकडची रीतच. सरांनी तिन्ही बहिणींच्या सह्या एका दुपारी घेतल्या, वरून रसाचं जेवण घातलं. म्हटलं सर, जमिनीचं नंतर बघू. मला तिची जमीन नाही खायची, मला तिचं घर खायचं आहे.

५ मे, बाईचं घर

एसटीत जागा मिळाली पण उन्हाच्या बाजूची. पवनीला उतरून ऑटो केला. पुनर्वसन म्हणजे सरळ रेषेत मारलेले प्लॉट, सिमेंटचे रस्ते, आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. ऑटोवाल्याला सोमाजीचं घर विचारलं तर त्याने प्लॉट नंबर विचारला. बहिणीचा प्लॉट नंबर मला कुठून ठाऊक असणार? तीन गल्ल्या फिरलो.

बाई अंगणात बाजेवर सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया, वाळत घालत होती. मला बघितलं आणि तशीच उभी राहिली, हाताला पीठ. पाणी दे नाही, बस म्हण नाही. पहिला प्रश्न काय, तर "सारे बरे हायेत न?" म्हटलं बरे आहेत. मग म्हणे "साधना?" म्हटलं ती पण बरी आहे. मग तिचा जीव भांड्यात पडला आणि तोंडभरून हसली. रुचिकाला हाका मारल्या, शेजारणीला ओरडून सांगितलं, "माहा भाऊ आला वो." दहा मिनिटांत चार बायका मला बघून गेल्या.

मी साडी काढून दिली. बाईचं हसू जागच्या जागी विझलं. साडी हातात घेऊन नुसती बघत बसली. मग तिची नजर माझ्या निळ्या फायलीकडे गेली, मग परत साडीकडे. "चांगली हाय," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पेटीत ठेवून आली. रंग आवडला नसणार. साधनाला सांगितलं होतं मी.

किती दिवस राहशील, हे कोणी विचारलं नाही. मीच सांगून टाकलं, एकोणीस. भाऊजी म्हणाले, "राहा न भाऊ." पण त्यांनी बाईकडे बघितलं, ते मी टिपलं. धास्तावले. सुरुवात झक्कास झाली.

६ मे

भाऊजी पहाटेच धरणाच्या पाण्यावर मासे धरायला जातात, पवनीच्या बाजारात विकतात. आज सर्वांत मोठी मरळ विकली नाही, घरी आणली. रस्सा असा झाला होता की मी पाच पोळ्या आणि दोनदा भात खाल्ला. सुडाला चव असते, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

बाईच्या घरची जेवणाची तऱ्हा मात्र अजब. भांडी मधोमध ठेवतात आणि सगळे एकदम बसतात. बाई, पोरगी, भाऊजी, मी. वाढणारीच जेवायला बसली तर पाहुण्याला आग्रह करणार कोण? मी बोलून दाखवलं, आपल्या घरी अशी पद्धत नव्हती. बाई म्हणाली, "नोहोती. म्हणून त अशी ठेवली." आणि दर जेवणाला तेच, पोट भरलं न, पोट भरलं न. भरलं, बाई. तुझंच रिकामं करायला आलोय.

८ मे

आज टीव्हीवर हल्ला केला. संध्याकाळी सात ते नऊ मायलेकींच्या मालिका असतात. मी पावणेसातलाच रिमोट मांडीखाली घेतला आणि क्रिकेट लावलं. मला क्रिकेटची खास आवड नाही, पण मुद्दा तो नाही. रुचिकाने एकदा तोंड उघडलं, बाईने डोळ्यांनी गप्प केलं. म्हटलं, आता तडफडा.

तर बाई कणीक भिजवायची परात घेऊन तिथेच माझ्याजवळ येऊन बसली. आपले कोणते, निळे का पिवळे? हा काहून पळून राहिला? तो पंच बोट वर करून काय दाखवून राहिला? दोन तास विचारत होती. मी रागाने उत्तरं दिली, पण दिली. शेवटी तिलाच एक खेळाडू आवडला, तो बाद झाला तर हळहळली. लहानपणी बाबूजींच्या रेडिओपाशी मला मांडीवर घेऊन बसायची, तेव्हाही अशीच विचारायची आणि मला काही येत नसून मी सांगायचो.

सुडाच्या दृष्टीने दिवस वाया गेला.

१० मे

दुपारी ऊन मी म्हणत होतं, म्हणून शाळेच्या याद्या काढून बसलो. बाई दारात तांदूळ निवडत होती. निवडून झालेले तांदूळ परत निवडत होती खरं तर. तिचं सगळं लक्ष माझ्या कागदांकडे. मी याद्यांच्या तंद्रीत तिला विचारलं, बाई, तुझ्या आधारावर काय नाव आहे, गिरजा की गिरजाबाई? आणि मागे बाबूजींचं लागलंय की भाऊजींचं?

सूप थांबलं. ती म्हणाली, बरोबर हाय सारं, मागच्याच वर्षी दुरुस्त करून घेतलं. फोटो पण काढून ठेवले. मी म्हटलं वा, माझ्या सदतीस पोरांच्या आई-बापांना तुझ्याकडे पाठवतो. तिला हसू आलं नाही.

रात्री जेवायला कोंबडा होता. दारातला लाल तुऱ्याचा, ज्याला रुचिका नाव घेऊन बोलवायची. पोरीचे डोळे सुजलेले. मला जरा कसंतरी झालं, पण मागच्या मे महिन्यात माझे आंबे खाताना यांना कसंतरी झालं होतं का? मी मांडीचा तुकडा घेतला.

१३ मे

भाऊजी संध्याकाळी मला धरणाच्या पाण्यावर घेऊन गेले. आजवर मला कुठे न्यायची त्यांची हिंमत झाली नव्हती, माझ्याकडे आले की गप टीव्हीपुढे बसणारा माणूस. हाताने दाखवत होते, तिथं आमचं घर, तिथं देऊळ, तिथं धानाच्या पाण्याची बोडी, आता सारं पाणी. मग बराच वेळ पायाने माती उकरत राहिले.

मग म्हणाले, "भाऊ, सरकारनं जमीन घेतली तवा आंधी नोटीस देल्ली होती. मानसाले मनाची तयारी करता येते."

मी म्हटलं बरोबर आहे. ते म्हणाले, तुमच्या बहिणीले झोप नाही आठ दिवस झाले. मी म्हटलं उकाडाच तसा आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बिडी पेटवली. जेवणाचा भार आता दिसायला लागला आहे माणसाच्या तोंडावर. अजून दहा दिवस काढायचेत, ते मोजत असणार.

१५ मे

पोटाने दगा दिला. काल झिंग्याची चटणी, सरगुंडे आणि रस, असं सगळं एका बसणीत रेटलं. पहाटेपासून सात फेऱ्या. बाई पेज करून वाटी तोंडाशी धरत होती आणि कपाळावर हात फिरवत होती. मी म्हटलं मला एकट्याला पडू दे. तर म्हणाली, "गोवर निंघाला होता तवा बी असाच म्हणे तू."

शत्रूने असं वागलं की सूड घेणाऱ्याची पंचाईत होते. तोंड भिंतीकडे करून ते वाक्य मनात घोकलं. येणं-जाणं बंद. येणं-जाणं बंद.

१६ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी उठून अंगणात तोंड धुतलं आणि वळून बघतो तर बाई मी आणलेली नारिंगी साडी नेसून उभी. केस विंचरलेले, कुंकू मोठं. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो. बरं वाटते न आता, असं विचारलं आणि म्हणाली, "चाल मंग. नऊची एसटी भेटन."

"कुठं?"

"लाखांदूरले. सही करून देतो."

"कायची सही?"

ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू, शेजारी ऐकू जाऊ नये असं बोलली. "हक्कसोडीची, भूपेन. आता कायले लपवून राहिला? साडी आणली, फाइल आणली, आधारचं विचारलं. बारा दिवस झाले, तुह्या तोंडातून निघून नाही राहिलं. तुले लाज वाटून राहिली, ते मले समजते. मी मोठी आहो, मीच म्हणतो. चाल."

माझ्या हातातला तांब्या तसाच. म्हटलं, बाई, आईची शपथ, मी त्याच्यासाठी नाही आलो. फाइल शाळेची आहे. साडी साधनाने दिली.

"मंग कायले आला?"

मी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

"एकवीस वर्षं झाली माह्या लग्नाले," ती म्हणाली. "गाव बुडालं तवा नाही आला. हे घर बांधलं, वास्तू केली, तवा नाही आला. पोरगी दहावीत पहिली आली, नाही आला. आता साडी घेऊन, फाइल घेऊन आला अन् म्हणते सहीसाठी नाही. मंग कायले आला, सांग न."

खरं कारण जिभेवर होतं. तुझं एकोणीस दिवस खायला आलो. भर अंगणात, त्या साडीसमोर, ते बाहेर काढायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. पण दुसरंही काही सुचेना, म्हणून रागच पुढे केला. म्हटलं, वरठीच्या लग्नात तू काय बोलली? मास्तरकडे जायचं तर घरून जेवून जावं. सगळ्या तालुक्यात माझं हसू झालं. त्याचा जाब घ्यायला आलो.

मला वाटलं ती नाकारेल, किंवा रडेल. तिने पदर सारखा केला.

"म्हटलं होतं. हसता हसता निंघून गेलं तोंडातून, चुकलीच मी. पण खोटं त नोहोतं म्हटलं. तू अन् हे टीव्हीसमोर बसत होते. पोट्टे बसत. तू आवाज देत होता, आणा पोळी, आणा रस, भाऊजीले वाढा. आम्ही वाढो. मंग चुलीपाशी मी अन् साधना बसो. भाताच्या गंजात काय राहे? रसाच्या भांड्यात पाणी टाकून हलवून प्याची मी. पिशवीत फुटाणे घेऊनच येत होती दरसाल. साधनाले नाही सांगितलं, तिले वाईट वाटलं असतं."

"मंग येत कायले होती?" मी ओरडलोच बहुतेक, कारण रुचिका दारात आली.

"माहेर होय न माहं," ती म्हणाली. "जेवाले कोन येते?"

मला खाली बसावंसं वाटलं, पण ओल्या अंगणात बसायला जागा नव्हती. ती पिशवीतले फोटो सारखे करत होती. त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "सही देतो मी. मनात काही नाही माह्या. फक्त दरसाल येऊ देजो. एकोणीस नाही त चार दिवस."

बारा दिवस ही बाई मला मरळ आणि कोंबडा खाऊ घालत होती, पोटात हा सौदा घेऊन. पोरीचा कोंबडा कापला तिने, मे महिन्यातले चार दिवस मिळावेत म्हणून. आणि मी मांडीचा तुकडा घेतला.

चांगलं बोलायची मला सवय नाही. पाठ केलेलं वाक्य तेवढं तोंडात तयार होतं, तेच वेडंवाकडं बाहेर आलं. म्हटलं, "ऐकून घे. सही केली त माह्या दारात पाय ठेवाचा नाही. समजलं? अन् यंदा आली नाही तरी पाय ठेवाचा नाही."

रुचिका दारातून म्हणाली, "मामा, आली नाही त पाय कसा ठेवन?"

मग बाई हसायला लागली आणि हसता हसता तिथेच उंबऱ्यावर बसली, नव्या साडीचा पदर डोळ्यांना लावून. हसत होती की काय करत होती ते मला दिसलं नाही, कारण मी तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारून घेत होतो. भाऊजी मासे विकून आले आणि विचारलं काय झालं. कोणी सांगेना. रुचिकाने फोटो आणि झेरॉक्स मायच्या हातातून काढून नेली.

१७ मे, लाखांदूर

राहा म्हणत होते, नाही राहिलो. एकोणीस पुरे करायचे नाहीत म्हणून नाही, मला घरी काम होतं. एसटीत मूठ आवळून बसलो होतो. माझ्या घरात, मी आणलेल्या किराण्यावर, माझी बहीण रसाच्या भांड्यात पाणी ओतून पीत होती आणि माझी बायको समोर बसली होती! चूल कोणाच्या हातात होती? साधनाच्या. वाढत कोण होती? साधना. बाईला तिचं वाईट वाटायचं, मला अजिबात वाटणार नव्हतं. लाखांदूर येईपर्यंत चार वाक्यं तयार केली, एकाहून एक जहरी.

घरी पोचलो तर बायको झोपून उठलेली, चेहरा असा टवटवीत की ओळखू येईना. चपला काढायच्या आधी मी सुरू झालो. चारही वाक्यं बोललो. सोमाजीच्या घरी सगळे एकत्र जेवतात, तुझ्या घरी माझी बहीण उपाशी, तुला लाज कशी वाटली नाही, असं सगळं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई फुटाणे आणत होत्या?"

म्हटलं हो, दरसाल.

"मले ठाऊक असतं त मागितले असते," ती म्हणाली. "मी बी नोहोती जेवत."

मी म्हटलं, काय?

"किराणा तुम्ही आणता. पाहुणे आले तरी तेवढाच आणता. वरून ओट्यावर येऊन पाहता, तेल किती गेलं. मंग भाऊजीले आग्रह करता, तिसरी वाटी. ती वाटी कोनाची होय, ते एकदा तरी पाहिलं काय तुम्ही? एकोणीस दिवस. एकदा तरी विचारलं, तुम्ही दोघी जेवल्या काय?"

मग ती पाणी भरायला गेली. मी चपला काढल्या.

१८ मे

सकाळपासून कोणावर रागवावं ते शोधतो आहे. भाऊजींवर रागवावं म्हटलं, तिसरी वाटी त्यांनीच तर खाल्ली. पण ते नको नको म्हणत होते, हात ताटावर धरत होते. मी हात बाजूला करून ओतायला लावली. जीवन सरांवर रागवता येईल, पण त्यांच्या बहिणींपैकी आता कोणी येत-जात नाही, ते काय सांगू त्यांना. प्रफुल्लवर उगाच फोनवर ओरडलो. तो म्हणाला, बाबा, काय केलं मी? काही केलं नव्हतं त्याने.

दुपारी साधनाच्या हातात पिशवी दिली आणि म्हटलं, किराणा तूच आण. ती म्हणाली उन्हाचं कोन जाते, तुम्हीच आणा, पण यादी मी देतो. यादी दीड पान निघाली. दुकानदाराने विचारलं, गुरुजी, घरी लग्न हाय काय?

२३ मे

बाईचा फोन. येऊ ना नक्की, असं तीनदा विचारलं. म्हटलं न आलीस तर मी परत येऊन बसेन तुझ्या घरी. ती म्हणाली ये न, कोंबडा नाही आता, पण मासे हायेत. मला फोन ठेवता येईना.

१ जून

बाई आणि रुचिका काल आल्या. भाऊजींचं मासेमारीचं काम आहे, ते आठवडाभराने येतील.

आज मी दोघींना सांगितलं, बाई आणि साधना, तुम्ही पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसा, मी वाढतो. आधी त्यांना खोटं वाटलं. मग बसल्या, रुचिका पण बसली. भाजी, वरण-भात, पोळ्या साधनाने करून ठेवल्या होत्या, रस मी स्वतः काढला, सरगुंडे बाईने आणलेले. मालिका सुरू होती, कोणाची तरी सासू कोणाला तरी घराबाहेर काढत होती. तिघी बोटं चाटत चाटत त्या सासूला शिव्या देत होत्या.

मी आग्रह केला. तो माझा हातखंडा आहे, सवयीने तोंडात येतोच. बाई, अजून एक पोळी? तिने घेतली. साधना, रस? तिने वाटी पुढे केली. मी म्हटलं तिसरी वाटी घ्या, दोघींनी घेतली. एकीनेही हात ताटावर धरला नाही. नको म्हणायची रीत असते, पाहुण्याने दोनदा तरी नको म्हणायचं असतं, पण यांना बहुतेक कोणी शिकवलंच नाही. रुचिकाने तर पातेलं मागवून घेतलं.

आत येऊन बघितलं. डब्यात पोळी नाही. भाताच्या गंजाच्या बुडाला चिकटलेला घासभर भात. रसाच्या भांड्यात पाणी टाकलं, हलवलं आणि उभ्यानेच प्यालो. आंब्याचा वास येतो, पण चव म्हणाल तर पाण्याचीच.

दोन वाजून गेले आहेत. हे ओट्याजवळ बसून लिहितो आहे. पुढच्या खोलीत दुसरी मालिका लागली. बाई मोठ्याने हसली, साधना तिच्याहून मोठ्याने. इतक्यात बाईचा आवाज आला, भूपेन, पाणी आणजो. नेऊन दिलं. तिघींनी प्यायलं, गिलास माझ्या हातात दिले आणि टीव्हीकडे वळल्या.

जेवलास का, हे कोणी विचारलं नाही.